सेजुन सुझुकीचा 'युमेजी' : बघाच, पण गोष्टीच्या मागे धावू नका

चित्रकारावरचा सिनेमा म्हटलं की एक ठरलेला साचा असतो. हलाखीचं बालपण, मग कुणीतरी कदर करणारा भेटतो, मग दारू नाहीतर प्रेमभंग, मग आजारपण आणि शेवटी काळ्या पडद्यावर जन्म-मृत्यूच्या तारखा. सेजुन सुझुकीच्या 1991 च्या 'युमेजी'मध्ये यातलं जवळपास काहीच नाहीये. बालपण नाही, म्हातारपण नाही, मृत्यूही नाही, आहेत ते एका गावातले थोडेसे दिवस आणि तेही घडले तसे नाहीतच, बरंचसं रचलेलं आहे. तरीही ताकेहिसा युमेजीची चित्रं ज्याने थोडीफार बघितलीयेत त्याला हा सिनेमा बघताना सारखं वाटत राहतं की अरे हाच तो माणूस, असाच असणार, याच डोक्यातून त्या बायका आल्या असणार.

म्हणून आधी चित्रांबद्दल बोलतो, कारण ती माहीत नसतील तर सिनेमाची अर्धी मजा जाते. युमेजी 1884 ला ओकायामा प्रांतात जन्मला आणि 1934 ला क्षयाने गेला, पन्नाशीही पुरी झाली नाही. कुठल्या कलाशाळेत शिकलेला नाही, सरकारी मोठ्या प्रदर्शनांच्या वाटेला गेला नाही, पण ताइशो काळात म्हणजे 1912 ते 1926 च्या जपानमध्ये त्याची चित्रं घराघरात होती. मासिकांची मुखपृष्ठं, पोस्टकार्डं, पाकिटं, गाण्यांच्या छापील वह्यांची कव्हरं तर अडीचशेच्या वर. 1914 ला त्याने तोक्योत निहोनबाशीला मिनातोया नावाचं दुकान काढलं, तिथे त्याच्या डिझाइनचे कागद, लाकडी ठशांची चित्रं, किमोनोच्या कॉलरी असलं सगळं मिळायचं आणि तरुण मुलींची गर्दी व्हायची. म्हणजे आज ज्याला आपण ग्राफिक डिझायनर म्हणू तो प्रकार, फक्त कविता करणारा. आणि त्याच्या त्या बायका! लांब पापण्या, मोठे पाणीदार डोळे, शरीराला एक आळसावलेला बाक, हात-पाय मात्र अंगाच्या मानाने मोठे आणि चेहऱ्यावर कायम कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा भाव. 1919 चं 'कुरोफुनेया' नावाचं चित्र नेटवर शोधून बघा. पिवळ्या किमोनोतली बाई एका पेटीवर बसलीये आणि तिने काळी मांजर छातीशी घट्ट धरलीये. मांजरीचा चेहरा दिसतच नाही, तिची पाठ आपल्याकडे, नुसता काळा आकार, आणि बाईची ती मोठाली फिकट बोटं त्या काळ्यावर रुतलेली. लाड करतेय का सोडायला तयार नाहीये ते कळत नाही. पाच मिनिटं बघा, अस्वस्थ व्हायला होतं. सुझुकीने अख्खा सिनेमा त्या अस्वस्थपणातून काढलाय असं माझं ठाम मत आहे.

आता कथा, जेवढी आहे तेवढी. सुरुवात स्वप्नापासून होते, युमेजीला स्वप्नात दिसतं की एका बाईवरून द्वंद्व चाललंय आणि समोरचा माणूस आपल्याला मारणार. असली मरणाची स्वप्नं त्याला छळतायत. तो कानाझावाला येतो, कारण तिथे त्याची प्रेयसी हिकोनो येणार आहे आणि दोघांना पळून जायचंय. हिकोनो येतच नाही, आजारी आहे. इकडे याला तोमोयो नावाची बाई भेटते जी होडी घेऊन तळ्यावर फिरतेय, कारण तिच्या नवऱ्याचा, वाकियाचा, खून झालाय आणि ती त्याचं प्रेत वर यायची वाट बघतेय. खून केलाय ओनिमात्सुने, त्याच्या बायकोशी वाकियाचं लफडं होतं म्हणून, आणि तो ओनिमात्सु अजून मोकाट आहे. युमेजी या विधवेच्या प्रेमात पडतो (पडणारच, तो कुणाच्याही पडतो) आणि मग तो मेलेला नवरा परत येतो. चालत, बोलत, हसत. भूत आहे का मेलाच नव्हता हे कुणी नीट सांगत नाही आणि ओनिमात्सु त्याला परत मारायला टपलेला. यात भर म्हणून इनामुरा ग्योशु नावाचा आणखी एक चित्रकार आहे, नावाजलेला, त्याच्या नुसत्या असण्याने युमेजीचा स्वतःवरचा विश्वास डळमळतो.

एवढं वाचून वाटेल की चांगली थ्रिलर आहे. तशी अपेक्षा ठेवून बसाल तर अर्ध्या तासात वैतागाल. सुझुकीला या कथेत काय पुढे होतं याच्यात रसच नाही. दोघं बोलतायत, कट होतो, आणि एक जण तिथे नाहीच, भलत्याच जागी आहे, पण संवाद मात्र चालूच. माणूस एका बाजूने फ्रेमबाहेर जातो आणि जिकडून यायला नको तिकडून येतो. कोण कुणाकडे बघून बोलतंय याचा साधा नियम, जो सिनेमा शिकणाऱ्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात, तो इथे मुद्दाम मोडलाय. आणि गंमत म्हणजे थोड्या वेळाने ते खटकायचं थांबतं, कारण स्वप्नात आपण विचारत नाही ना की आत्ता घरात होतो तर तळ्याकाठी कसे आलो, तसंच इथेही विचारणं सुटतं. सगळ्यात मोठी गोष्ट ही की जागेपण आणि स्वप्न यांच्यात सुझुकी भिंतच घालत नाही. नेहमीच्या सिनेमात स्वप्न आलं की चित्र धूसर होतं, आवाज घुमतो, मग माणूस दचकून उठतो, म्हणजे आपल्याला हायसं वाटतं की चला, स्वप्न होतं. इथे ते हायसं वाटणं मिळत नाही.

रंगांबद्दल लिहायलाच हवं. लाल, पिवळा, गर्द हिरवा, सगळे सपाट आणि धीट, छापील चित्रात असतात तसे. कॅमेरा जुनिची फुजिसावाचा आहे. तळ्यावरची दृश्यं माझी सगळ्यात आवडती. पाणी हलत नाही, नाव एकटी, तोमोयोचा किमोनो त्या सगळ्या शांत रंगांत एकदम उठून दिसतो, आणि आपल्याला माहितीये की ती पाण्यात काय शोधतेय. सुंदर बाई, सुंदर कपडे, सुंदर पाणी आणि खाली प्रेत. हे इतकं सरळ आहे तरी त्यात भडकपणा येत नाही कारण मारिया तोमोको ते शोधणं एखाद्या रोजच्या कामासारखं करते, रडारड नाही, ओढून आणलेलं दुःख नाही. तिला बघून युमेजी का पाघळतो ते लगेच कळतं, त्याच्या चित्रातली वाट बघणारी बाई त्याच्यासमोर जिवंत येऊन बसलीये आणि ती वाट बघतेय एका मेलेल्याची! चित्रकाराला याहून मोठी लालूच काय असणार.

सावादा केंजीला युमेजी करायचं डोकं ज्याचं होतं त्याला मानलं पाहिजे. हा माणूस मुळात पॉपस्टार, साठच्या दशकात द टायगर्स या बँडचा गायक, पोरी ज्याच्यासाठी किंचाळायच्या असा, लोक त्याला ज्युली म्हणायचे. 1991 पर्यंत तो चाळिशीत आलेला, देखणेपण आहेच पण जरासं उतरलेलं, आणि युमेजीला नेमकं तेच हवं. खरा युमेजीही त्याच्या काळातला एक प्रकारचा पॉपस्टारच होता ना. सावादा त्याला हिरो करत नाही. भित्रा, लाघवी, आपमतलबी, बाई दिसली की लाळ घोटणारा, प्रसंगी पळ काढणारा, आणि मध्येच चेहऱ्यावर असं काहीतरी येतं की कळतं, याला स्वतःची चित्रं स्वस्त वाटतात, लोकांना आवडतात म्हणूनच स्वस्त वाटतात. ज्याने कधी लोकप्रिय काम केलंय आणि मनातून त्याला त्याची लाज वाटलीये त्याला हे आतपर्यंत लागेल.

बाकीच्यांत हारादा योशिओ वाकियाच्या भूमिकेत धुमाकूळ घालतो. हा नट सुझुकीच्या ताइशो त्रयीतल्या (ताइशो काळात घडणारे तीन सिनेमे, 'युमेजी' त्यातला शेवटचा) तिन्ही सिनेमांत आहे आणि मेलेला माणूस इतका जिवंत कसा असू शकतो हे त्यालाच जमावं, पडद्यावर आला की शेजारचे सगळे फिके. ग्योशुचं काम बांदो तामासाबुरोने केलंय, काबुकी या पारंपरिक जपानी नाटकांत स्त्रीभूमिका करणारा प्रख्यात नट, इथे पुरुष झालाय. तो फार काही करत नाही आणि करायची गरजही नाही, नुसतं बसण्यात एवढा डौल आहे की युमेजीचा न्यूनगंड आपल्यालाही होतो. आणि ओनिमात्सु झालाय हासेगावा काझुहिको, जो खरं तर दिग्दर्शक, त्यानेच 1979 ला एका सिनेमात सावादाला हिरो म्हणून घेतलेलं, म्हणजे ज्याने एकेकाळी कॅमेऱ्यामागून सावादाला नाचवलं तोच इथे डोंगरातला खुनी होऊन त्याच्या गोष्टीत शिरलाय. हे माहीत असलं की त्यांचे सीन बघायला वेगळीच मजा येते.

आता संगीत. उमेबायाशी शिगेरुची ती थीम तुम्ही ऐकलेली असण्याची दाट शक्यता आहे, फक्त या सिनेमातली आहे हे माहीत नसेल. वाँग कार-वायने 2000 साली 'इन द मूड फॉर लव्ह'मध्ये तीच घेतली आणि ती जगभर गेली. खालच्या तारा बोटांनी छेडलेल्या, तीन मात्रांचा वॉल्ट्झ, त्यावर व्हायोलिन येतं आणि एक एक स्वर असा ओढत नेतं की जणू सोडायचाच नाहीये. हाँगकाँगच्या त्या सिनेमात ती न बोलल्या गेलेल्या प्रेमाची झाली, जिन्यावरून जाणारी मॅगी च्युंग, हातात डबा, स्लो मोशन, सगळं आवरलेलं. इथे मूळ जागी तीच धून वेगळी वाटते कारण इथे कुणी काही आवरतच नाही, सगळे वासनेने बरबटलेले, आणि त्यावर हा इतका सभ्य वॉल्ट्झ चालू. मला विचाराल तर मूळ जागी ती जास्त भीतिदायक आहे. ज्यांना फक्त दुसरा सिनेमा माहितीये त्यांनी निदान यासाठी तरी हा बघावा.

थोडं सुझुकीबद्दल, कारण हा सिनेमा असा का आहे याचं उत्तर त्याच्या आयुष्यात आहे. निक्कात्सु स्टुडिओत त्याने 1956 ते 1967 मध्ये चाळीस सिनेमे काढले, बहुतेक स्वस्तातले, गुंड-पोलीस छापाचे, स्टुडिओ स्क्रिप्ट हातात देणार आणि हा काढणार. ते करता करता त्याने त्यात इतके रंग, इतके आचरट कट, इतकी मोकाट कल्पना घातली की 1967 च्या सिनेमानंतर स्टुडिओच्या मालकाने न समजणारे सिनेमे काढतो म्हणून 1968 ला त्याला काढून टाकलं. सुझुकी कोर्टात गेला, 1971 ला तडजोड झाली, पण कुठलाच मोठा स्टुडिओ त्याला उभा करेना आणि 1977 पर्यंत त्याला एकही सिनेमा करायला मिळाला नाही. ऐन उमेदीची वर्षं गेली. मग निर्माता आराटो गेंजिरो भेटला. 1980 ला त्यांनी त्रयीतला पहिला, 'झिगॉयनरवाइझन', काढला तेव्हा थिएटरवाले घेईनात म्हणून आराटोने हवा भरून फुगवायचा तंबू आणला आणि तोक्यो टॉवरजवळ त्या तंबूत सिनेमा दाखवला. लोकांनी उचलून धरला, किनेमा जुनपो मासिकाने वर्षातला सर्वोत्तम ठरवला. पुढच्या वर्षी 'कागेरो-झा' आला आणि मग दहा वर्षांनी 'युमेजी'. तिन्हींची पटकथा तानाका योझोची, पण पहिले दोन साहित्यावरून, एक उचिदा ह्याक्केनच्या कथेवरून आणि दुसरा इझुमी क्योकाच्या. योगायोग बघा, ह्याक्केन ओकायामाचा म्हणजे युमेजीच्याच मुलखातला आणि क्योका कानाझावाचा, जिथे 'युमेजी' घडतो. तिसऱ्याला साहित्याचा आधार नाही, आधार चित्रकाराच्या आयुष्याचा, आणि तो पण वाऱ्यावर सोडलेला.

आणि इथेच माझी एक तक्रार आहे, मोठी आहे. हिकोनो. खरी कासाई हिकोनो निहोनबाशीतल्या कागदाच्या व्यापाऱ्याची मुलगी, मिनातोयात यायची, स्वतः चित्रकला शिकणारी. बापाचा कडाडून विरोध असताना ती युमेजीकडे गेली, दोघं क्योतोत राहिले, 1917 ला कानाझावाला गेले आणि तिथून जवळच्या युवाकु नावाच्या गरम झऱ्यांच्या गावी राहिले. तिथे आज युमेजीचं छोटं संग्रहालय पण आहे. पुढे तिला क्षय झाला, बापाने तिला याच्यापासून तोडलं आणि 1920 च्या जानेवारीत ती गेली, तेवीस वर्षांची पोर. युमेजीने दोघांची टोपणनावं आणि वयं कोरलेली अंगठी मरेपर्यंत जपली. म्हणजे खऱ्या आयुष्यात कानाझावाचे ते दिवस हे त्याचे सगळ्यात सुखाचे म्हणावेत असे, हिकोनो त्याच्या सोबत होती! सिनेमात मात्र तीच येत नाही, तिची जागा रिकामी आणि त्या रिकाम्या जागेत तोमोयो, वाकिया, ओनिमात्सु सगळे शिरतात. दिग्दर्शकाने हे का केलं ते कळतं, सुख दाखवून त्याचा हा सिनेमा झालाच नसता. पण ती नुसतं आजारी सुंदर सावट बनून राहते, मियाझाकी मासुमीला करायला काही दिलेलंच नाही, आणि ती स्वतः हातात ब्रश धरणारी मुलगी होती याची साधी नोंदही सिनेमाला महत्त्वाची वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं. चित्रकार पुरुष एकमेकांवर जळतात यावर एवढा वेळ दिलाय, मग चित्रकार बाईला एक दृश्य द्यायला काय हरकत होती. ओयोचं पण तसंच. ती युमेजीची मॉडेल, पण ती त्याच्या आयुष्यात हिकोनोनंतर आली, इथे काळ गुंडाळून तिला घेतलंय आणि घेऊन धड वापरलेलं नाही.

दुसरी तक्रार लांबीची. दोन तास आठ मिनिटं आहे आणि दीड तासानंतर एक मोठा पट्टा असा येतो जिथे वाकिया आणि ओनिमात्सुचं प्रकरण त्याच त्याच सुरात फिरत राहतं. पहिल्या तासात प्रत्येक विचित्र गोष्ट नवीन असते, नंतर विचित्रपणाचीच सवय होते आणि मग धक्का बसेनासा होतो. त्रयीतल्या पहिल्या सिनेमात हा त्रास नाही, तिथे भीती हळूहळू चढत जाते. 'युमेजी' चढत नाही, पसरतो. तीन सिनेमांत मी याला दुसऱ्या नंबरवर ठेवीन, 'झिगॉयनरवाइझन' नंतर, 'कागेरो-झा'च्या आधी, कारण 'कागेरो-झा' मला अजून पूर्ण पकडीत आलेला नाही आणि यात निदान सावादाचा हात धरून चालता येतं.

आणि नग्नता, प्रणयाची दृश्यं, रक्त हे सगळं आहे, मोठ्यांचा सिनेमा आहे, घरच्यांसोबत लावायचा असेल तर विचार करून लावा.

तरीपण मी हा सिनेमा ज्याला त्याला सुचवतो, आणि विशेषतः चित्र काढणाऱ्यांना. कारण चित्र कसं सुचतं हे दाखवायला गेलेले सिनेमे बहुतेक वेळा फसतात, कलाकार खिडकीतून बघतो, पाऊस पडतो, डोळे चमकतात आणि धडाधड ब्रश चालतो. सुझुकी सुचण्याचा तो क्षण दाखवायच्या फंदात पडत नाही. तो दाखवतो त्याच्या आधीचा सगळा राडा, हाव, भीती, मत्सर, भलत्याच बाईच्या मागे जाणं, आपल्यापेक्षा चांगला असलेल्याचा राग, आणि मरणाची स्वप्नं. युमेजी सिनेमाभर चित्रापर्यंत पोचायला धडपडतोय आणि आयुष्य सारखं आडवं येतंय, आणि बघणाऱ्याला मात्र जाणवत राहतं की आडवं येणारं हे सगळंच पुढे जाऊन चित्र होणारे. खऱ्या युमेजीने हिकोनो हातची जात असताना 'कुरोफुनेया' काढलं. ती बाई मांजरीला इतकी घट्ट का धरून बसलीये हे मला कुठल्या चरित्रापेक्षा या सिनेमातून जास्त कळलं.

बघायचा तर कसा, ते सांगतो. त्रयी क्रमाने बघायची सक्ती नाही, तिघांच्या कथा वेगळ्या आहेत, पण सुझुकीचा एकही सिनेमा बघितलेला नसेल तर थेट यावर उडी मारू नका, आधी 'झिगॉयनरवाइझन' बघा म्हणजे त्या कटांची सवय होते. मोबाइलवर तर अजिबात नको, सपाट रंगांचा सगळा खेळ मोठ्या पडद्यावर कळतो. नेटवर जुन्या टेपवरून उतरवलेल्या फिकुटलेल्या प्रिंट फिरत असतात, त्यात लालचा विटकरी झालेला असतो, त्या बघून मत बनवू नका. 2017 ला ब्रिटनच्या ॲरो कंपनीने तिन्ही सिनेमांचा ब्लू-रे सेट काढला आणि 2023 ला सुझुकीच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने जपानमध्ये तिन्ही 4के करून परत थिएटरला लावले, तर यातलं काही मिळालं तर तेच घ्या. आणि सबटायटल वाचण्यात फार जीव घालू नका, एखादी ओळ सुटली तर सुटू दे, मागे नेऊन परत वाचत बसलात की तळं हातचं जातं.